तुझ्या खाटेवर माझं नाव

हुसेन,

तू गेलास ही खबर आमच्या घरी आली ती माझ्या मरणाची म्हणून आली. मंगळवारी सकाळी मी परड्यात लाकडं फोडत होतो. इस्पितळाचा शिपाई नावेतून नदी ओलांडून, सायकल हातात धरून, विचारत विचारत दारात आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "धोंडू रामाचं घर हेच ना? बाई, तुमचे मालक पहाटे गेले." सरूनं आधी परड्याकडं पाहिलं. कुऱ्हाडीचा आवाज चालूच होता. मग ती उंबऱ्यातच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. शिपाई बिचारा मान खाली घालून उभा. त्याला वाटलं नवऱ्यासाठी रडतेय, आणि ती तर तुझ्यासाठी रडत होती. मी कुऱ्हाड टाकून पुढं आलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आज त्याला आठ दिवस झाले. तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी तुला लिहायला बसलोय, याचं तुला हसू येईल. "धोंड्या, जित्तेपनी तोंडावर बोलला न्हाईस, आन् आता कागुद करतोस व्हय?" असं काहीतरी म्हणशील. म्हण. तुझी बोलणी खायची मला सवय आहे. पण एक गोष्ट मी तुला सांगायची ठेवली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला भाकर जात नाही. ती शेवटी सांगतो. आधी बाकीचं बोलतो, कारण थेट तिथं जायची माझी छाती नाही.

बिल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं त्यातूनच झालं. पितळेचा, रुपयाएवढा, वर नंबर एकशे सत्तेचाळीस. चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात मी चिकटलो तेव्हा मला तो मिळाला. फाटकाशी बिल्ला दाखवायचा, टाइमकीपर नंबर लिहून घ्यायचा, की हजेरी लागली. त्याला नंबराशी काम, तोंडाशी नाही, आणि आत तर काजळीनं सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. आणि आपल्या मावळातल्या माणसांनी यातून वाट काढली ती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आवणी आली, भात लावायचं, की बिल्ला भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला द्यायचा. तो त्या नंबरावर कामाला जायचा, आपण चिखलात उतरायचं. पीक हाती आलं की बिल्ला परत. जोडीचा बिल्ला म्हणायचे त्याला. आपल्या नदीकाठच्या प्रत्येक गावात असे जोडीचे बिल्ले होते. कुणाला त्यात चोरी वाटत नव्हती. एका नांगराला जशी दोन घरं आलटून पालटून बैल जुंपतात, तसंच ते.

माझी जोडी तुझ्याशी. तुम्हा मुलाणी लोकांना गावात शेत नाही, नुसता मान. मानानं चूल पेटत नाही हे तू पहिल्याच वर्षी मला ऐकवलं होतंस. आवणीचे दीड महिने म्हणून तू माझ्या बिल्ल्यावर गेलास आणि साच्याचं काम असं शिकलास की मिस्त्री मला विचारायला लागला, "धोंडू, मधेच तुझा हात एवढा चांगला कसा होतो रे?" तेव्हापासून आपण हप्ता-हप्ता वाटून घेतला. एक हप्ता मी धोंडू, एक हप्ता तू धोंडू. तू माझी चालही उचललीस, डावा पाय जरा ओढत. मी पाय ओढतो हे मला तुझ्यामुळं कळलं.

आणि तो तांब्या! वर्षभर एकही खाडा नाही म्हणून कारखान्यानं दसऱ्याला धोंडू रामाला पितळेचा तांब्या दिला. अख्ख्या फाउंड्रीत तिघांनाच मिळाला. दोन माणसं मिळून एक खाडा करत नाहीत यात कसली मर्दुमकी, असं म्हणत तू नदीच्या वाळूत बसून पोट धरून हसला होतास. तांब्याही आपण वाटून घेतला. आषाढापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडं, मग तुमच्याकडं. सरू तो चिंचेनं घासायची आणि जैनबवहिनी राखेनं, त्यावरून दोघींचा वाद. आता तो तुमच्याच घरी आहे आणि मला तो परत नको.

तुला आठवतं का, वितळलेल्या लोखंडाचा डबा कलंडला तो दिवस? तू त्या हप्त्याला धोंडू नव्हतास. मी होतो. तू मला भाकर द्यायला फाटकाशी आला होतास आणि आतला आरडाओरडा ऐकून रखवालदाराला ढकलून आत घुसलास. माझ्या धोतराचा सोगा पेटला होता. तू वाळूची पाटी माझ्यावर उलटी केलीस आणि मला ओढत बाहेर नेलंस. ओढताना चौकटीवर आपटलो, त्या वेळची माझी ही डाव्या भुवईवरची खूण. डॉक्टरनं टाके घालताना तू माझा हात धरला होतास आणि मी ओरडलो की तूही ओरडत होतास, मला सोबत म्हणून. हे ऋण आहे वगैरे मी तुला कधी म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. आज म्हणतो.

त्याच भुवईची खूण पुढं कागदावर चढली. सरकारी विम्याची योजना आपल्या पट्ट्यात आली तेव्हा कचेरीतला एक माणूस टेबल टाकून फाटकाशी बसला. नाव, बापाचं नाव, वारस, ओळखीची खूण. माझा नंबर आला तेव्हा मी होतो, तुझा हप्ता नव्हता. एवढ्यावरच सगळं ठरलं बघ. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहून लिहिलं, "डाव्या भुवईवर व्रण," आणि पंधरा दिवसांनी धोंडू रामाचं कार्ड आलं. आजारी पडलं की विम्याच्या दवाखान्यात जायचं, औषध फुकट, मोठं दुखणं असलं तर इस्पितळात खाट, आणि घरी बसलेल्या दिवसांचा निम्मा पगार. पगारातून थोडं कापून घेणार होते. आपल्यातल्या निम्म्या लोकांना फक्त ते कापणं तेवढं समजलं.

फाटकाशी नोटीसही लावली होती, मराठीत, चांगली छापील. वाचता येणारा आपल्या घोळक्यात मी एकटा. जेवणाच्या सुट्टीत सगळे म्हणाले, धोंडू वाच. मी उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो. सातवी पास झाल्याचा माझा तोरा तू पाहिलाच आहेस. चारपाच कलमं वाचली आणि भोंगा झाला. खाली अजून बरंच होतं. मी म्हणालो, बाकीचं तेच ते आहे, आणि निघालो. त्या दिवशी तू भाकर घेऊन आला होतास आणि जाळीपलीकडं उभा राहून ऐकत होतास. तू विचारलंस,

"आन् माझं काय रं?"

"तुझं न्हाई," मी म्हणालो. "तू बिल्ल्यावर हायेस का? ज्याचा बिल्ला त्याचं कार्ड."

"असं लिवलंय तितं?"

"व्हय, लिवलंय."

लिहिलेलं नव्हतं, हुसेन. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

त्या पावसाळ्यात तुझा खोकला सुरू झाला. साच्याची ती काळी वाळू बारीक चाळायचं काम तुझ्याकडं आलं होतं, तुझा हात हलका म्हणून. आधी आपण दोघंही म्हणालो, धूळ आहे, गूळ खा. मग तू गूळ खाल्लास, अडुळसा प्यालास, दर्ग्यावर जाऊन आलास, आणि आमच्या सरूनं तुझी दृष्टही काढली. आवणी तोंडावर होती. मी म्हणालो, एवढी आवणी होऊ दे, मग मी बिल्ला घेतो आणि तू महिनाभर पड. तू मान हलवलीस. तू दीड महिना सलग गेलास. एक दिवस तुझ्या टॉवेलावर डाग दिसला. तू म्हणालास पान खाल्लंय. तू पान खात नाहीस हे मला ठाऊक होतं. पण माझं अर्धं खाचर लावायचं राहिलं होतं आणि मी ते पान खरं मानलं.

आपलं भांडण त्यानंतरचं. स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात, बाकावर. दोन बशा चहा आणि मधे आपला वाद.

"आफिसात इचार," तू म्हणालास. "रोजंदारीच्या मानसाला कार्ड हाय का, एवडंच इचार. माझं नाव बी घेऊ नगंस."

"इचारलं की ते इचारणार, कुनासाठी इचारतोस. मंग बिल्ल्याचं निगंल. मंग तू बी भाईर आन् मी बी."

"आरं, इचारायला काय पैसं पडत्यात?"

"नोकरी पडंल ना!"

"मंग तुझ्या कार्डावर मला ने."

हे मात्र तू थट्टेत म्हणालास. कारण माझ्या कार्डावर म्हणजे धोंडू आजारी, आणि धोंडू आजारी म्हणजे बिल्ला बंद. दोघंही घरी. एका नंबराला दोन माणसं जेवू शकतात, पण तो नंबर आजारी पडला तर दोघांनाही उपास, हे आपल्याला तिथं चहा पिताना कळलं. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत बघू. तू म्हणालास, "बग." आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन निघून गेलास. मला तुझा राग आला होता, आणि खरं सांगतो, आतून बरंही वाटलं होतं की विषय संपला.

दिवाळीच्या आधीच तू उंबऱ्यातून उठेनासा झालास. तेव्हा मी कार्ड काढलं. देव्हाऱ्यात ठेवलं होतं ते, हळदीकुंकू लावून. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. जैनबवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या मानसाच्या अंगावर तुमचं नाव घालताय. ते परत काडून द्याल ना?" मी म्हणालो, "बरा झाला की काढून देतो." तू खाटल्यावरून म्हणालास, "भुवईचं काय करनार? विस्तवानं डागू?" आणि खोकलास. शेवटी कपाळाला फडकं बांधून, भुवया झाकून तुला नेलं. तू माझी चाल काढायला लागलास तेव्हा मी म्हणालो, गप चाल, तुला सरळसुद्धा चालवत नाही. दवाखान्यात कुणी फडकं उचलून पाहिलं नाही. डॉक्टरनं पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

क्षय निघाला. आणि वर धुळीनं फुप्फुसं भरलेली. पुण्याकडच्या इस्पितळात खाट मिळाली, इंजेक्शनं सुरू झाली. खाटेच्या डोक्याशी पाटी लागली, धोंडू रामा. पहिल्या दिवशी नर्सबाईनं तीनदा "धोंडू" म्हणून हाक मारली, तू बघेनास. तिनं कागदावर लिहिलं, कानाला कमी ऐकू येतं. तेवढ्यावरून तू आठवडाभर हसत होतास.

मी दर रविवारी यायचो. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहावं लागे. धोंडू तर खाटेवर होता, मग मी हुसेन लिहायचो. माझ्या अक्षरात तुझं नाव पाच महिने त्या वहीत आहे. इकडं मी कारखान्यात जाऊ शकत नव्हतो, कारण मी आजारी होतो. देहूरोडच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला जायचो, ओळखीचं कुणी दिसलं की पाठ फिरवून. माझ्या नावानं येणारा निम्मा पगार मी वहिनींच्या हातात देत होतो. यात मी काही मोठेपणा केला नाही. तो तुझाच होता.

वहिनी पहिल्यांदा भेटायला आल्या तो रविवार मला विसरता येत नाही. धोंडूची बायको म्हणूनच त्यांना आत सोडणार. फाटकाबाहेर, लिंबाखाली, सरूनं करंड्यातलं कुंकू काढून त्यांच्या कपाळाला लावलं. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. आत आल्यावर तू त्यांच्याकडं पाहिलंस आणि आधी हसलास. "आगं, झ्याक दिसतीस की." आणि मग भिंतीकडं तोंड केलंस आणि आम्ही निघेपर्यंत वळला नाहीस. परत जाताना वहिनींनी पदरानं कपाळ इतकं घासलं की लाल झालं. चिंचवड येईपर्यंत दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

ईद त्याच दिवसांत आली. तू नमाज कसा पढणार, धोंडू रामा म्हणून? तू मला सांगितलंस की तू पडल्या पडल्या, नुसते डोळे झुकवून पढलास. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, धोंडूबा, ओठ का हलवताय, आणि तू म्हणालास, रामाचं नाव घेतोय. "बापाचंच नाव हाय, खोटं न्हाई बोललो," असं म्हणालास मला. तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या बापाचं नाव तू तुझ्या ईदला घेतलंस. माझा बाप असता तर त्यानं तुला पोटाशी धरलं असतं आणि मला जोड्यानं मारलं असतं.

शेवटचा रविवार. तू अगदी हलका झाला होतास, चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतका. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की सहा महिने आधी आणला असता तर गोष्ट वेगळी होती. मी आत आलो, स्टुलावर बसलो. तू म्हणालास,

"धोंड्या, इचारलंस का रं आफिसात? माझ्या कार्डाचं?"

मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. चादरीची घडी सारखी केली आणि म्हणालो, "इचारलं. आवणी झाल्यावर लगेच इचारलं होतं. न्हाई म्हनले. बिल्ल्यावरच्या मानसालाच हाय."

तू म्हणालास, "मंग ठीक हाय. मंग आपल्या हातात न्हवतंच." आणि माझ्या हातावर हात ठेवलास. तुला बरं वाटलं होतं. मला दिसलं की तुला बरं वाटलं. दोन दिवसांनी तू गेलास.

मंगळवारी आम्ही तिघं इस्पितळात आलो. कचेरीतल्या कारकुनानं कागद पुढं केला. मयत धोंडू रामा, वारस पत्नी सरूबाई, इथं अंगठा करा. तो भला माणूस होता. म्हणाला, "तुम्ही लांबचे, इथंच दहन करायचं असेल तर तशी चिठ्ठी देतो." सरूनं अंगठा शाईला लावला आणि तशीच थांबली. माझ्याकडं बघायला लागली.

मी हिशेब करत होतो, हुसेन. तुझ्यापासून काय लपवायचं. अंगठा उमटला की तुला गावी नेऊन गुपचूप माती देता येणार होती आणि कुणाला काही कळणार नव्हतं. मी कागदावर मेलो असतो, एवढंच. नोकरी अशीही गेली होती आणि तशीही. पण फसवणूक केली म्हणून कुणी धरलं तर नसतं. मी सरूला मान हलवून सांगणार होतो की कर अंगठा.

तेवढ्यात जैनबवहिनी पुढं आल्या. कपाळ मोकळं होतं त्यांचं, त्या दिवशी त्यांनी कुंकू लावू दिलं नव्हतं. म्हणाल्या, "भाऊजी, बरा झाला की काडून देतो म्हनला व्हता. आता द्या."

"वहिनी—"

"मला दुसरं काय बी नगं. त्यांचं नाव तेवडं त्यांना द्या. हुसेन बाबू मुलाणी. मरताना तरी मानूस आपल्या नावानं मरतंय का न्हाई?"

कारकून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. मग मी बोललो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवणी, हप्ते, फडकं, वहीतलं तुझं नाव. माझा आवाज मलाच परका वाटत होता. कारकुनानं दौत बंद केली आणि पलीकडच्या खोलीतून विम्याच्या साहेबांना बोलावून आणलं.

साहेब पोरगेलासा होता, चष्मा लावलेला. मला एकट्याला आत बसवून त्यानं सगळं परत ऐकलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कपाटातून एक नोटीस काढली, फाटकाशी लावली होती तीच, आणि माझ्यासमोर ठेवली. "वाचता येतं ना? मग खालून तिसरं कलम वाचा."

मी वाचलं. कायम, बदली, रोजंदारीवरचा किंवा ठेकेदारामार्फत आलेला, कारखान्यात काम करणारा प्रत्येक कामगार. असं लिहिलं होतं. मराठीत, चांगलं छापील. मी ते मोठ्यानं वाचलं, का ते मला ठाऊक नाही.

"त्यांना स्वतःचं कार्ड मिळालं असतं," साहेब म्हणाला. "स्वतःच्या नावानं रोजंदारीवर उभे राहिले असते तर पहिल्या हप्त्यापासून नाव लागलं असतं. त्या कारखान्यात रोजंदारीची माणसं होती ना? त्यांची कार्डं आम्ही केली आहेत. तुम्ही एकदा येऊन विचारायचं होतं. नाव न सांगता विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. आम्हाला विचारायला कुणी येतच नाही."

मी म्हणालो, "नोकरीची भीती वाटली, साहेब."

त्यानं चष्मा काढून पुसला. "आता काय वाटतं?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवा कागद काढून त्यावर तुझं नाव लिहिलं. बापाचं नाव विचारलं तेव्हा मी क्षणभर रामा म्हणणार होतो.

तुला वीटवाल्याच्या ट्रकमधून आणलं. नदीवर नावाड्यानं नाव थांबवून ठेवली होती. सरूनं आणि वहिनींनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला बसून तुला धरलं होतं. माती द्यायला सगळं गाव आलं, जोडीच्या बिल्ल्यावरचे सगळे आले, कामावरून सुटून तसेच, तोंडं काळी. मीही तीन मुठी टाकल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन बिल्ला टेबलावर ठेवला. टाइमकीपरनं तो उचलून खणात टाकला आणि माझ्याकडं पाहिलं नाही. रखवालदार मात्र म्हणाला, "दोघंबी चांगले होता राव." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

फाटकाशी ती नोटीस अजून आहे. पावसानं खालचा भाग पुसट झाला आहे, पण जवळ गेलं तर वाचता येतं. मी परत येताना तिथं थांबलो आणि रोजंदारीच्या रांगेत उभ्या असलेल्या चौघांना खालून तिसरं कलम वाचून दाखवलं. त्यातल्या एकानं विचारलं, "तुमी कोन? कंपनीचं मानूस हाय का?" मी नाही म्हणालो. ते चौघं जरा बाजूला सरकून उभे राहिले.

आता ते सांगतो. लांबवायला आणखी काही उरलं नाही.

परवा वहिनींकडं गेलो होतो. त्यांनी मला त्या तांब्यातून पाणी दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, शेवटल्या रविवारी, तुमच्या मागनं मी आत गेले तवा, ह्यांनी मला सांगितलं. धोंडूनं माझ्यापायी नोकरीवर पानी सोडून आफिसात शब्द टाकला व्हता, त्येंनीच न्हाई म्हनलं. त्याचा तू कंदी राग धरू नगंस, म्हनाले. तुमी तरी इचारलं व्हतं. दुसरं कोन इचारतंय?" आणि माझ्यापुढं भाकर ठेवली.

मी ती खाल्ली, हुसेन. पाणी प्यालो, भाकर खाल्ली आणि घरी आलो.

मी विचारलं नव्हतं. आवणीनंतर नाही, दिवाळीला नाही, तू खाटेवर असतानाही नाही. त्या कचेरीच्या पायरीवर मी एकदाही चढलो नाही. तू मरताना जे खरं मानून गेलास आणि ज्यानं तुला बरं वाटलं, ते मी चादर सारखी करता करता रचलेलं होतं. आपल्या हातात होतं. माझ्या हातात होतं.

उद्या वहिनींना हे सांगायला जाणार आहे. त्या दार लावून घेतील, तर लावून घेऊ देत. पण त्यांच्या आधी तुला सांगायचं होतं.

तुझा,
धोंडू